शिवणीतली माया

मापाच्या वहीत पुढून गिऱ्हाइकं,
मागून मी.
पुढे : कोकिळाबाई, छाती अडतीस, बाही आठ, गळा मटका.
मागे : मंगळवार, कंबर ते टाच, सकाळी सहा,
दुपारी आठ, शेक घेतल्यावर पाच.

ही उलटी वही गिरासे मॅडमनी लावली.
जळगावला त्यांच्या टेबलावर मी
चार वर्षांचे फोटो पिशवीतून ओतले.
त्यांनी एकेक उजेडात धरला, खाली ठेवला,
आणि विचारलं, एका बैठकीत किती शिवता?
मी म्हटलं, संपेपर्यंत.

गेल्या आखाजीला संपेपर्यंतच शिवलं.
माहेरवाशिणी यायच्या, एकेकीचे तीन-तीन ब्लाउज,
एरंडोलात चव्वेचाळीस डिग्री,
कूलर नुसता गरम हवा ढवळतोय.
रात्री दोनला शेवटचं हूक लावलं
आणि उठायला गेले तर उठता येईना.
मग अकरा दिवस खाट,
लोकेशच्या पप्पांच्या हातची खिचडी,
आणि गल्लीतल्या झोक्याची कडी
करकर, करकर, दिवसभर.

आता बॉबिन सांगते.
खालचा दोरा संपला की उठायचं,
बाही अर्धी असो की गिऱ्हाईक दारात असो.
ओट्याशी जायचं, निंबाला हात टेकून
टाचा वर, टाचा खाली, दहा वेळा.
समोरचा किराणावाला पहिल्यांदा हसला.
आता तो मोजतो.

मीही काही साधी नाही.
सुरुवातीला तीन बॉबिनी आधीच भरून ठेवायची,
बसल्या बसल्या बदलायची.
आठवड्यात कंबरेनं चोरी पकडली.

इस्त्री लोकेशचे पप्पा उचलतात. कोळशाची, पाच किलोची.
सांगायला मला वर्ष लागलं.
ते म्हणाले, एवढंच ना?
एवढंच होतं.

तरी काही दिवशी येतंच.
ढग नसतो, जास्तीचं काम नसतं,
जेवण वेळेवर, झोप बरी, आणि पहाटे
पायातून तापली तार ओढल्यासारखं.
त्या दिवसासाठी वहीचं एक पान दुमडून ठेवलंय :
मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करणे.
गुडघ्यांखाली उशी.
लोकेशला सांगणे, भाजी आज बाहेरची आण.
सुई ओवल्यावर सुटतो तसा श्वास सोडणे, सावकाश.
घरात एक चक्कर, न्हाणीपर्यंत का होईना.
आणि खाली, माझ्याच अक्षरात :
मागच्या वेळी चौथ्या दिवशी उतरलं होतं.
हेच नेमकं विसरते,
म्हणून त्याच्याखाली दोन रेघा.

परवा कोकिळाबाई साडीला फॉल लावायला आल्या.
"आजून शे का व दुखनं?"
"शे ना," मी म्हटलं. "मी बी शे."
त्यांना कळेना, हसावं की काय करावं.
मग मी त्यांचाच जुना ब्लाउज उलटा केला,
बगलेखालची शिवण दाखवली,
दोन्हीकडे आत दुमडलेलं बोटभर कापड.
कुणाला दिसत नाही,
पण अंग भरलं की तेवढंच उसवून
तोच ब्लाउज पुन्हा घालता येतो.
याला माया म्हणतात.
बावीस वर्षं मी गावाच्या कपड्यांत सोडत आले,
माझा दिवस तेवढा काठाला काठ लावून बेतायची.

यंदाच्या आखाजीला नव्वद नाही, एकावन्न घेतले.
बाकीच्यांना सांगितलं, जमणार नाही.
दोघी तोंड वाकडं करून स्टँडजवळच्या टेलरकडे गेल्या.
एक परत आली. दुसरी नाही आली.

सणाच्या दुपारी पोरींनी झोक्यावर ओढलं.
बसले. एक झोका, दुसरा झोका,
तिसऱ्याला कंबर बोलली,
पाय टेकवून उतरले.

वहीत मागून लिहिलं : आखाजी, संध्याकाळी पाच.
पुढे शेऱ्याची जागा असते,
जिथे मी गिऱ्हाइकांचं लेस, पायपिन लिहिते.
तिथे लिहिलं :
दोन झोके.