सतरा नंबर

आधी वास घेतो. हसू नका.
अस्सल प्लॅस्टिकला तीस वर्षांनीही
नव्या कंपासपेटीचा वास असतो,
नकलीला जळक्या कंगव्याचा.
मग लेबल, उन्हात तिरकं धरून:
खरी शाई मुरते, झेरॉक्सची वर तरंगते.
मग शिवण. दोन कवचं मिटतात तिथं
पातळ स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा दिसला
की कुणीतरी आत जाऊन आलंय.
आत पाय असलेली चिप हवी.
डांबरासारखा काळा थेंब असला, तर किंमत बसली.

एवढंच माझं शास्त्र.
पुण्याचे, बेंगळूरचे लोक फोटो पाठवतात,
मी टिळकवाडीतल्या एका खोलीतनं आकडा सांगतो.
दहापैकी इतके.

कमी बनलं ते दुर्मिळ, असं लोकांना वाटतं.
तसं नसतंय की.
लाखांनी बनलेलं, पण पोरांनी फुंकर मार-मारून
तांब्याचे दात हिरवे पाडलेलं,
ते शोधून मिळत नाही.
कुणालाच न आवडलेलं मात्र
खोक्यासकट मिळतं, करकरीत.

काल शिवलीला पट्टणशेट्टी आल्या.
शहापूरला, खडेबाजारात, त्यांच्या वडिलांचं
रेणुका व्हिडिओ गेम होतं. तासाला तीन रुपये.
कॅसेट घरी न्यायला रात्रीचे दहा.
(आम्ही कॅसेटच म्हणायचो. अजून म्हणतो.)
आप्पा गेले. माळा रिकामा करायलेत.
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बावीस नग,
पाठीवर तापल्या सुईनं कोरलेले नंबर.

“एष्ट आगतद री?”
मग माझ्यासाठी पुन्हा, “किती होतील हो?”
गरज नव्हती.

दुकानाच्या स्टिकरवरनं मला साल कळतं.
वर मराठी खाली कन्नड, त्या आधीच्या.
वर कन्नड खाली मराठी, त्या नंतरच्या.
शेवटच्या चारांवर नुसतं इंग्लिश.
आप्पांनी आपल्यापुरता वाद मिटवलेला.

तीन. दोन. चार. दोन.
एक पावसात भिजलेली, शून्य.

सतरा नंबर रुमालात बांधलेली होती.
लाल विमान, जपानी अक्षरं,
कारवारच्या बोटीवरच्या पाहुण्यानं आणलेली.
अशी मी आजवर दोनदाच बघितली.
वास खरा. शाई मुरलेली.
नऊ म्हणणार होतो.

शिवणीवर ओरखडा होता. नखाएवढा.

उघडायची गरज नव्हती, तरी उघडली.
आत काळा थेंब. चाळीस रुपयांच्या
बाजारू कॅसेटची पट्टी,
नीट बसावी म्हणून कानशीनं घासलेली,
डावीकडं जरा जास्तच.

कानस उद्यमबागची होती, बाबांच्या फौंड्रीतली.
तेव्हा ती अंगठ्याला लागलेली.
बारा वर्षांचा होतो. हातात एक रात्र होती.

“ही कुणाला भाड्यानं देत नव्हते नंतर,”
शिवलीला म्हणाल्या. “विचारलं की म्हणायचे,
असू दे, ते पोरगं येतंय बदलून द्यायला.”

पंख्याचा आवाज बराच वेळ ऐकला मी.

खरी पट्टी खालच्या ड्रॉवरात आहे.
विकली नाही. कवचाशिवाय कोण घेणार,
असं स्वतःला सांगत आलो.

“दोन दिवस ठेवून जाता?”
“एवढं काय बघायचंय हो तिच्यात?”
“आहे थोडं.”

त्या गेल्यावर दार लावून घेतलं.
थेंब काढला, चिप घातली, कवच मिटलं.
टक्‌ असा आवाज येतो, अजून येतो.
टीव्हीला लावली. लाल विमान उडालं.

मग चष्मा लावून शिवण पुन्हा बघितली.
ओरखडा तिथंच.
पेन्सिलीनं आठ लिहिले,
थोड्या वेळानं खोडून सात.