वाळू कुठे टाकायची

थोआच्या अंगणात सिमेंटच्या दोन टाक्या, एकीवर एक.
वरचीत वाळू, खालचीत पाणी.
पंप सुरू केला की जमिनीतून येतं ते काचेसारखं नितळ,
आणि जरा वारा लागला, की तांबूस होतं,
चोरी पकडल्यासारखं.

"लोखंड आहे," मी सांगतो.
"ते मला कशाला सांगता? चहा काळा पडतो.
माझी सासू त्यावरूनच शेजाऱ्यांच्या विहिरींना नावं ठेवायची."

सोमल मात्र चहाला कळत नाही.
त्याला रंग नाही, वास नाही, घाई नाही.
ती नवऱ्याचा तळहात माझ्यापुढे उलगडते
जुनी पावती उलगडावी तसा:
कण्यांएवढे टणक दाणे, बोटांच्या मुळापर्यंत.
तो हसतो आणि हात मागे घेतो.

लोखंड गंजतं, गंज वाळूला चिकटतो,
सोमल गंजाला.
माझ्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं;
आमच्या घरी गंज ही शिवी होती.
इथे तोच रोज दोन घागरी पाणी राखतो.

बाटलीत पूड, झाकणाखाली कागद, वीस मिनिटं.
तेवढ्यात ती कलमी भाजी निवडते,
डुकराला कोंडा घालते,
हनोईतल्या मुलीला फोनवर रागावते.

पंपाच्या पाण्याचा कागद विटकरी.
टाकीखालच्याचा जवळजवळ पांढरा.
"जवळजवळ म्हणजे?"
माझं बोट रंगांच्या पट्टीवर
दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर थांबतं.

मग ती विचारते. दर खेपेला विचारते.
"वाळू बदलली की जुनी कुठे टाकायची?
पहिली केळीच्या बुडाशी टाकली.
केळी काही बोलली नाही.
दुसरी तळ्याकाठी. तिथे आता बदकं बसतात."

माझ्या फॉर्ममध्ये सतरा रकाने आहेत:
विहिरीची खोली, घरातली माणसं, पंप कुठल्या साली बसवला.
"ऑफिसात विचारून सांगतो," मी म्हणतो,
तिसऱ्यांदा.

ती मला घरामागे नेते.
पत्र्याखाली खताची रिकामी पोती, आता भरलेली,
तोंडं सुतळीने आवळलेली,
प्रत्येकावर खडूने तारीख.
अकरा.
"तुम्ही विचारून येईपर्यंत," ती म्हणते,
आणि टोमणा आहे की नाही ते कळू देत नाही.

चहा देते. फिका, हिरवा, तळ दिसणारा.
मी पेला रिकामा करतो; ती पेल्याकडे बघते.

निघताना एक पोतं उचलून मोपेडच्या मागे बांधतो.
साहेबांच्या टेबलावर ठेवीन म्हणतो, काचेवर, कॅलेंडरशेजारी.
ओली वाळू जड असते.
पुढचं चाक हलकं होतं, हँडल भरकटतं.
भाताची खाचरं संपतात,
मग कालव्यावरचा पूल लागतो.
दोन्ही बाजूंना कुणी नाही.
गाडी आपोआप हळू होते.