फोटोला मानधन नाही

दादाला पहिली दाद मिळाली
ती कोलशेतला, मढव्यांच्या हळदीत.
बेंजोवाल्यांचा स्पीकर बसला
आणि पंधरा मिनिटं कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.
हा खुर्चीवर चढला,
नवरदेवाच्या मामाची नक्कल केली, मामाच्याच समोर.
मामाने चप्पल काढली.
मांडव फुटला.
घरी येताना खाडीच्या अंगाला थांबून म्हणाला,
"निरू, चप्पल निघाली तेव्हाच जास्त हसले ना?"
एवढंच त्याचं शिक्षण.

वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली,
मग मानपाड्याच्या एका कॅफेचं तळघर,
शनिवारी रात्री, माणशी सात मिनिटं.
मी मागे उभी, मोबाईलची बॅटरी दाखवायला:
एकदा लुकलुकली म्हणजे मिनिट उरलं,
दोनदा म्हणजे उतर.
"तुमच्या टॉवरखाली स्विमिंग पूल आहे ना,
तिथे आमचा बाप गुडघाभर पाण्यात भात लावायचा.
फरक एवढाच,
तुम्ही पाण्यात उतरायचे पैसे भरता."
पोरं टेबलं वाजवायची.
बाबा एकदाच आले. लिंबू सरबताचा दर विचारला
आणि उरलेला वेळ बाहेर
वॉचमनशी बोलत बसले.

तिथेच कोणीतरी कार्ड दिलं.
घोडबंदर रोडला, ओवळ्याच्या पुढे, प्लायवूडचा बंगला,
जिना आहे, वरचा मजला नाही.
हरेश्वर भोईर चार वेळा इन्स्पेक्टर झाला,
एकदा रजिस्ट्रार, एकदा खोटा साधू,
आणि डॉक्टर इतक्यांदा
की शेजारच्या काकू त्याला शुगरचे रिपोर्ट दाखवायच्या.
वाक्य ठरलेलं: "आम्ही शक्य ते सगळं केलं."
पॉज मात्र त्याचा स्वतःचा.
"आम्ही"नंतर नाही. "सगळं"च्या आधी,
चष्मा काढायला लागतो तेवढा.

मग मोठी भूमिका आली, नायिकेचा बाप.
अकराव्या भागात ट्रकखाली गेला.
फोटो भिंतीवर चढला, चंदनाचा हार घालून,
आणि तीन वर्षं रोज साडेसातला
नायिका त्याच्यापुढे रडायची.
जिवंतपणी एवढे क्लोजअप मिळाले नव्हते.
कापूरबावडीच्या नाक्यावर एका बाईने
त्याच्या हाताला हात लावून पाहिला.
त्याने प्रॉडक्शनला फोन केला, जरा घसा खाकरून.
फोटोला मानधन नसतं, म्हणाले.
आईने टीव्हीवर फडकं टाकलं.
"जित्त्या पोराला हार घालतान का रं कोनी?"

बाबा गेले कळव्याच्या हॉस्पिटलात, दुपारी.
डॉक्टर पोरगाच होता, चष्मा नव्हता,
एका दमात बोलून मोकळा झाला.
दादा त्याच्याकडे बघतच राहिला.
मग माझ्या कानाशी, "घाई केली गं त्याने,"
आणि सलाईनचा स्टँड धरून
हळूहळू खाली बसला.

मालिका संपली, सेट मोडला.
स्पॉटदादाने फोटो रिक्षाने आणून दिला,
भाड्याचे ऐंशी रुपये आमच्याकडूनच घेतले.
आईने हार ओढून तोडला.
मणी टाकवेनात, एवढा खरा वास,
तेव्हा एका फाटक्या मोज्यात भरून
दादाच्या शर्टांमध्ये ठेवले,
कसर लागत नाही म्हणाली.

काल पुन्हा त्या तळघरात गेलो.
पोरं नवी. सरबत दोनशे चाळीस.
तो माईकसमोर आला, स्वतःची कॉलर हुंगली.
"चंदनाचा वास येतोय ना?
घाबरू नका. मी जाऊन तीन वर्षं झाली."
थोडे हसले. कोपऱ्यातली एक मुलगी जास्तच.
मग भात, मग पूल, मग
"आमचा बाप" म्हणाला
आणि थांबला.
आता त्याला खरोखरच चष्मा आहे.
तो काढायला हात वर गेला.
सात मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.
मी मोबाईल पालथा धरला.