कारणाचा रकाना

रजिस्टरात शेवटचा रकाना कारणाचा.
दोन बोटं रुंद.
वर छापलंय : थोडक्यात लिहावे.

श्लोक. वय चौदा महिने.
वजन सहा किलो आठशे.
दंडाला पट्टी लावली,
हिरव्यावरून सरकली, पिवळ्यावरून सरकली,
लाल आला तेव्हा कुठं घट्ट बसली.
त्यानं पट्टीचं टोक तोंडात घातलं.

उपाशी लेकरू रडतं,
असं वाटायचं मला नोकरीच्या पहिल्या वर्षी.
तसं नसतं.
ते गप बसतं, माशीसुद्धा हाकलत नाही.
आजी म्हणाली, "लई गुणाचं हाय.
कुरकूर म्हणून नाही."
हातात पाच रुपयांचं पाकीट, रिकामं, चाटून चकचकीत.

आई, प्रतीक्षा, हळदीवर.
फाल्गुनात वसमतपर्यंत शिवारभर कढया उकळतात.
सकाळी सातला जाते,
दिवेलागणीला येते कोपरापर्यंत पिवळी.
पाजायचं तर हात धुवायला हवेत,
धुवायचे तर हापसा चालायला हवा,
हापशाचं वायसर फाटलं पोळ्याला.
तेव्हापासून विहिरीचं पाणी, तेव्हापासून जुलाब.
"दात येतेत, ताई. दातानं व्हतंय."

मी लिहिलं : पाणी.
खोडलं.

उष्टावण झालं अकराव्या महिन्यात.
पहिला घास मामानंच भरवायचा,
आणि मामा चाकणला, ठेकेदार सुट्टी देईना.
पाच महिने हे लेकरू
दुसऱ्यांच्या घासाबरोबर तोंड हलवत बसलं.
मग मामा आला. चांदीची वाटी आणली, फोटो काढले,
दुसऱ्या दिवशी गेला.
वाटी कपाटात.

लिहिलं : मामा.
माझं मलाच हसू आलं. खोडलं.

दिवसभर सांभाळते कावेरी. वय सात.
शाळेत नाव आहे, पाय नाही.
चहात बिस्कीट बुडवून भरवते,
बुडालेलं त्याला,
न बुडालेला तुकडा तिला.

प्रतीक्षाचं लग्न झालं तेव्हा आधार कार्डावर अठरा,
खरी सोळा.
दोघांच्या मधे एक झालं होतं. राहिलं नाही.
पोटात पोर मोठं झालं तर अडतं,
म्हणून सासूनं भाकर मोजून वाढली.
सासूलाही तिच्या सासूनं मोजूनच वाढली होती.
लाल गोळ्या कोनाड्यात,
पानं न फाडलेली, सहा महिन्यांची.
आता कुणाचं नाव लिहू?
त्या बाईची तर राख पूर्णेला मिळाली.

केंद्रातून जातं ते पाकीट घरात कुणाला गिळत नाही.
शेळी खाते.
शेळी चांगली तुकतुकीत आहे.

आणि पानं मागं उलटली तर
जानेवारी.
मला तेव्हा मतदार यादीला लावलं होतं,
काट्याचा आकडा वाकलेला,
महिनाअखेरी साहेबांचा फोन, आकडे पाठवा.
वजन : आठ किलो शंभर.
अक्षर माझं. ठिपका अगदी सुबक,
हिरव्या पट्ट्याच्या बरोब्बर मधे.
त्या दिवशी मी त्याला पाहिलंही नव्हतं.

रबरानं घासलं. कागद फाटेल इतकं घासलं.
शाई होती.

प्रतीक्षा आली अंधार पडल्यावर.
म्हणाले, उद्या सकाळी दवाखान्यात न्यायचं.
"किती दिवस ठेवतेत?"
चौदा.
तिनं अंगठ्यानं पेरं मोजली, पिवळी,
प्रत्येक पेराला एक हजेरी.
एका हाताची संपली, दुसरा हात घेतला.
मग थांबली.
"हिला कुणापाशी ठिवू?"

कावेरी दाराशी उभी होती,
एका पायावर, दुसऱ्या पायानं पोटरी खाजवत.
माझ्या रजिस्टरात ती बसत नाही,
सहा वर्षं झाली की नाव कमी होतं.

म्हटलं, चपला काढ.
ये, काट्यावर उभी राहा.