नकाशा की आकडा

तार्तूच्या एका जुन्या वस्तीत रस्त्यांना भाज्यांची नावं आहेत.
आमचं घर वाटाणा रस्त्यावर. बाहेर उणे चौदा.
टेबलावर आईचे दोन स्कार्फ,
एकाच दुकानातले, एकाच करड्या लोकरीचे.
"यातला एकच तिनं वापरला," मारिका म्हणाली,
"दुसरा नुसता कपाटात होता. वास घे, कळेल."

माझं नाक तीन वर्षांपूर्वीच्या तापात गेलं.
तेव्हापासून कॉफी म्हणजे गरम, साबण म्हणजे बुळबुळीत.
दोन्हींत तोंड खुपसून पाहिलं.
लोकर टोचली, बस्स.

बहिणीवर विश्वास नाही असं नाही.
पण मला बरं वाटावं म्हणून
ती लहानपणापासून खोटं बोलत आली आहे.

बावीस वर्षं विद्यापीठात मी हेच शिकवतो:
एकाला सगळं कळतं, पण त्याच्या शब्दाचा भरवसा नाही.
दुसरा मंद, जवळ वेळ थोडा, हातात एक नाणं.
तरी त्यानं नीट विचारत राहावं.
जे त्याला जन्मात दिसणार नाही
तेही त्याला पारखता येतं.

तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.
दाराआड जाऊन दोन युरोचं नाणं उडवलं.
नकाशा पडला तर डाव्या हातातला,
आकडा पडला तर उजव्या.
"आईचा."
"कोरा."
"कोरा."
"आईचा."
थाप असती तर दर खेपेला
निम्म्या वाटेवर पाय घसरला असता.
शंकेचा निम्मा, त्याचा निम्मा, त्याचाही.
सोलत जावी तशी ती पातळ होते,
संपत मात्र नाही.

अकराव्या खेपेला ती बराच वेळ गप्प.
"आईचा. पण आता पुरे, काल्यू.
दर वेळी थोडा थोडा उडतोय तो."

हे फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं मी.

दोन हजार अठ्ठेचाळीसात एक, एवढी शंका उरली.
पटलं मला.
वास तसूभरही मिळाला नाही.
उद्या कुणाला पटवायला गेलो तर जवळ काय,
आईचा, कोरा, कोरा, आईचा...
अशी यादी कुणीही घरबसल्या लिहील.

मारिकानं काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी
दोनदा उकळत्या पाण्यानं धुतली, चुलीशी सुकवली,
स्कार्फ आत दाबून झाकण घट्ट फिरवलं
आणि बरणी माझ्याकडे दिली.
ती उघडायचा मोह
या घरात मलाच होणार नाही.