ठसे

द्वितीयेच्या ओहोटीला पाणी दिवाळ्याच्या धक्क्यापासून
बरंच मागे सरतं,
तेव्हा मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरतो.
एका खिशात दात कोरायची सुई,
दुसऱ्यात जुना टूथब्रश.
तिवरांच्या मुळांशी निवट्या उड्या मारतात.
मागे पामबीचचे मनोरे
आपापल्या खिडक्या मोजत उभे.

तीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या करतोय,
कोपरखैरण्यात, जिन्याखालच्या खोलीत.
ठसा घ्यायचा, ठशात प्लास्टर ओतायचं,
वाट बघायची.
इथेही तेच.
चिखलाने शिंपल्याचा ठसा घेतला,
शिंपला विरून गेला, चिखलाचा दगड झाला,
फक्त वाट बघत कुणी बसलं नव्हतं.

किती जुनं, मला नाही सांगता येत.
पनवेलचे मणेरीकर सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"पाच हजार वर्षं असतील. दहाही असतील. फार ताणू नका."
मी ताणत नाही.
चिठ्ठीवर जागा लिहितो, तिथी लिहितो,
आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवतो.
त्याच खणात वाघधऱ्यांची कवळी आहे.
न्यायला कुणी आलंच नाही.
शेजारी कालव, क्रमांक चोवीस.

चांगुणाबाय जाळं सोडवताना हसते,
तोंडात खालचे दोनच दात:
"मेलेली कालवां कशाला येचतं रं?
माझे पाटीन जित्ती हायेत."

आणि तिच्याच जाळ्याला, दोरीत आवळलेला,
मुठीएवढा काळसर धोंडा.
त्याच्या पाठीवर अख्खा शंख, उलटा,
एकेक वेढा मोजता यावा असा.
माझ्या सगळ्या डब्या एका बाजूला,
हा एका बाजूला.

मी पाचशे म्हटलं. मग हजार.
"सासऱ्याचा हाय. जाल्याला वजन लागतं.
इकाचा नाय."

पुढच्या अमावास्येनंतर मी
रबरी वाटी आणि गुलाबी पूड घेऊन गेलो,
जी रोज कुणाच्या तरी टाळ्याला लावतो.
धोंडा जाळ्यातच राहिला.
पूड कालवली, शंखावर थापली.
ठसा सुटला, त्यात प्लास्टर ओतलं.
घट्ट व्हायला अर्धा तास तरी लागतो,
आम्ही धक्क्यावर बसलो,
भरतीची पहिली रेघ चिखलात शिरत होती.

तिने पांढरा शंख हातात घेऊन उलटासुलटा केला,
नखाने एक वेढा चाचपला,
परत दिला.

मग हिरड्यांवरून जीभ फिरवत, पाण्याकडे बघत:
"आन माझी दातां?
कितीला परतील?"