आधी कंदील

मिरजेच्या इस्पितळात तळघरालगत एक खोली,
एसीची घरघर, रेग्झिन फाटलेली खुर्ची, आणि मी.
पावणेतीनला वॉर्डातून डॉ. नायकवडींचा फोन:
'कवठेमहांकाळचा पेशंट, अण्णाप्पा बिरनाळे.
अकरा वर्षांपूर्वीचा छातीचा स्कॅन उघडत नाहीये.
यादीत तर दिसतोय.'

दिसणारच.
नाव दिसतं, तारीख दिसते, साइजसुद्धा अख्खी दिसते.
आत काही नाही.
नव्वद दिवस कुणी हात लावला नाही
की पोट काढून टेपवर जातं,
वर उरते नुसती पावती.

हरिपूरला पेवांवर कामाला होता माझा चुलता,
बाळगोंडा तात्या.
हळद जमिनीखाली बारा-पंधरा हात,
आणि पावती वर, सांगलीच्या पेठेत
ह्या हातातून त्या हातात.
चार मालक बदलायचे,
खाली हळकुंडाला खबर नसायची.

काळी खिडकी उघडली.
स्टेटस. एंटर.
पहारा चालू. डेटाबेस चालू.
ने-आण करणारी सर्व्हिस, जिला आम्ही हमाल म्हणतो: बंद.
कधीपासून, ते सांगत नाही.

घाईचा माणूस इथंच चुकतो.
सरळ रिकॉल मारतो,
मग फाईल ना वर ना खाली, मध्येच लटकते
आणि तिच्यामागं चाळीस फायलींची रांग.

पेवाचं तोंड उघडलं की घटकाभर थांबायचं.
दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर उतरायचं नाही, मुकादम कितीही ओरडू दे.
एकजण उतरला होता.
त्याला काढायला दोघं उतरले.
तात्या एवढंच सांगायचा
आणि तंबाखूला चुना लावत बसायचा.

स्टॉप.
आधी पहारा, मग हमालाचं जे काय उरलंय ते.
उलट केलं तर पहारेकरी
मेलेल्याला हाका मारत राहतो.
फोन वाजला. उचलला नाही.
स्टार्ट, शेवटून पहिल्याकडं.
स्टेटस.
स्टेटस.
तिसऱ्यांदा: चालू.

मग रिकॉल.
भिंतीपलीकडं यंत्राचा हात हलला,
कप्पा खडखडला, टेप सरसरत मागं गेली,
मी वालचंदला नापास झालो त्याच्याही मागं.
अठरा टक्के. अठराच.
अठराच.
एकदम एकसष्ट.

'आलं,' डॉक्टर म्हणाल्या. 'डाग तेव्हाही होता. एवढाच.'
म्हणजे बरं का, मी विचारलं.
'म्हणजे आज रात्री छाती उघडायची नाही.'

आता नव्वद दिवस बिरनाळे वर राहतील.

हरिपूरची पेवं पुरात गेली, त्याला बरीच वर्षं झाली.
पावत्या काहींच्या कपाटात अजून आहेत म्हणे,
पोती, वजन, तारीख, सही,
सगळं व्यवस्थित.

सहाला ड्यूटी सुटली.
निघता निघता पुन्हा एकदा स्टेटस. एंटर.
सगळे चालू.
तरी पाचेक मिनिटं
बसून राहिलो तोंडाशी.